रिव्हर्स मॉर्गेज: मामा-मामींनी घ्यावं का? (कोथरूड, जुनी इमारत)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. घरातल्याच प्रश्नावर सल्ला हवा आहे.

माझे मामा ७२ वर्षांचे, मामी ६७. मूलबाळ नाही. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत १९८९ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, लिफ्ट नाही. मामा पिंपरीच्या एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले, त्यामुळे पेन्शन ईपीएस-९५ ची, महिन्याला अडीच हजारांच्याही आत. बाकी सगळी भिस्त एफडीच्या व्याजावर. आधी मामांची बायपास झाली, मग मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन. एफडी निम्म्याच्या खाली आल्या. औषधं धरून महिन्याचा खर्च ३५ हजारांच्या आसपास जातो आणि व्याज त्याच्या निम्मंही येत नाही. म्हणजे दर महिन्याला मुद्दलाला हात लागतो.

मामांनी रिव्हर्स मॉर्गेजबद्दल वाचलंय आणि त्यांच्या मनाने ते घेतलंय. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "घर आमचं, राहणार आम्हीच, बँक दरमहा पैसे देणार, आणि आमच्या माघारी कोणाला द्यायचं म्हणून राखायचं हे घर?" मामी काही बोलत नाहीत. फ्लॅट एकट्या मामांच्या नावावर आहे. आजूबाजूचे भाव पाहता साधारण एक कोट मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझी आई मामांची सख्खी बहीण, म्हणजे कायद्याने उद्या आमचाही संबंध लागू शकतो. आम्हाला त्या घरातलं काही नको. त्या दोघांचं म्हातारपण धडपणे जावं एवढंच हवंय. म्हणूनच कोणी "भाच्याचा डोळा आहे" असं म्हणायच्या आत चार अनुभवी लोकांचं ऐकावं म्हणून इथे लिहितोय.

हिशेबनीस

बँकेच्या कर्जविभागात नोकरी झाली आहे, त्यामुळे आकड्यांनी सुरुवात करतो.

योजना २००७-०८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने २००७ मध्येच नियम काढले. कर्जदार ६० च्या पुढचा हवा. घर स्वकष्टार्जित, स्वतः राहतं, कागद स्वच्छ आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं हवं. पैसे दरमहा, तिमाही किंवा गरजेप्रमाणे घेता येतात. एकरकमी उचल हवी असेल तर मंजूर कर्जाच्या निम्मी, तीही १५ लाखांपर्यंत आणि फक्त औषधोपचारासाठी. आलेला पैसा कर्ज असल्यामुळे त्यावर आयकर नाही. हयातीत काहीही फेडायचं नाही.

आता मामांचा हिशेब. एक कोटीचं घर धरलं आणि बँकेने ६० टक्के धरले, तर ६० लाख. इथेच बहुतेकांची समजूत चुकते. हे ६० लाख हातात येत नाहीत. मुदत संपेल तेव्हा मुद्दल अधिक व्याज मिळून ६० लाख व्हावेत असा हप्ता बँक ठरवते. साडेदहा टक्के व्याज धरलं तर:

१५ वर्षं मुदत: दरमहा सुमारे १३,८००
१० वर्षं मुदत: दरमहा सुमारे २८,४००
२० वर्षं मुदत: दरमहा सुमारे ७,४००

१५ वर्षांत मामांच्या हातात एकूण २५ लाखांच्या आसपास येतील आणि वर ३५ लाख व्याज चढेल. शिवाय १९८९ च्या बिनलिफ्टच्या इमारतीला बँकेचा मूल्यांकनकार बाजारभाव देत नाही. त्याने ८० लाख धरले तर १५ वर्षांचा हप्ता ११ हजारांवर येतो. महिन्याची तूट १८-२० हजारांची असताना ११ हजार.

म्हणून १० वर्षांची मुदत मोहात पाडते. वय जास्त असलं की काही बँका स्वतःच मुदत १० वर्षांवर आणतात. पण मग मामी ७७ च्या असताना हप्ता बंद.

घाटमाथा

बंद म्हणजे? आणि घर?

हिशेबनीस

घरात राहता येतं, दोघांपैकी शेवटचं माणूस असेपर्यंत. त्यांना कोणी बाहेर काढत नाही. फक्त पैसे येणं थांबतं आणि व्याज चढतच राहतं. १५ वर्षांनी ६० लाख झालेलं कर्ज आणखी पाच वर्षांनी एक कोटीच्या वर जाईल. त्याची चिंता मामींनी करायचं कारण नाही, कारण घराच्या विक्रीतून येतील त्यापेक्षा जास्त पैसे बँक मागू शकत नाही, वारसांकडूनही नाही. हे संरक्षण नियमांतच आहे.

माझी चिंता हप्त्याची आहे. ज्या वयात खर्च सर्वात जास्त, नेमकं त्याच वयात उत्पन्न बंद, आणि विकायला घरही मोकळं उरलेलं नाही. या योजनेबद्दल मला एकच प्रश्न खरा वाटतो: मुदत संपल्याच्या पुढच्या महिन्यात ते माणूस काय खाणार?

सूर्यफूल

आयुष्यभर पैसे देणारी पण योजना असते ना? मी ऐकलंय.

हिशेबनीस

असते. २००९ च्या सुमारास वार्षिकी (विमा कंपनीकडून ठरावीक काळाने मिळणारी रक्कम) जोडलेला प्रकार आला. बँक विमा कंपनीकडून वार्षिकी घेते आणि ती हयातभर मिळते. मामांनी बँकेत गेल्यावर पहिल्यांदा हेच विचारावं, "तुमच्याकडे हयातभराचा पर्याय आहे का?" शाखेत बऱ्याचदा साधा प्रकारही माहीत नसतो, म्हणून मुख्य कार्यालयाचं लेखी उत्तर घ्यावं.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे माझ्या शेजारच्या आजींनी घेतलंय म्हणून जवळून पाहिलं. अमेरिकेत वयाची अट ६२, आणि सरकारमान्य समुपदेशकाकडे बसल्याशिवाय अर्जच पुढे जात नाही. तो समुपदेशक बँकेचा माणूस नसतो. भारतात ही सक्ती असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. इथे 'घरात राहाल तोवर दरमहा' असा पर्याय नेहमीचा आहे, त्यामुळे हिशेबनीसांनी सांगितलेली मुदत संपण्याची भीती तेवढी राहत नाही.

पण इथलीही एक मोठी दुखरी बाजू आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज घेतलं, बायकोचं नाव घातलं नाही, आणि नवरा गेल्यावर त्या विधवांना घर सोडायची वेळ आली. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०१४ मध्ये नव्या कर्जांसाठी नियम बदलावा लागला. घाटमाथा, तुमच्या मामी बोलत नाहीत म्हणालात. त्यांचं नाव कर्जात सहकर्जदार म्हणून आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा.

कायदाकानू

हडसनकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. वकिली करते, म्हणून थोडं नेमकं लिहिते.

कर्ज 'शेवटच्या हयात कर्जदाराच्या' मृत्यूनंतर वसूल होतं. 'शेवटच्या हयात व्यक्ती'च्या नव्हे. मामी सहकर्जदार नसतील, तर मामांच्या माघारी त्या फक्त वारस. मग कर्ज फेडून घर सोडवून घेणं किंवा विकू देणं एवढंच उरतं. मामी ६७ च्या आहेत, वयाची अडचण नाही. जोडीदाराला संयुक्त कर्जदार करता येतं.

वारशाचंही स्पष्ट करते. मृत्युपत्र न करता मामा गेले तर, मूल नाही आणि त्यांची आई हयात नाही असं धरलं तर, घर पूर्ण मामींचं. पुढे मामीही मृत्युपत्र न करता गेल्या तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते मामींच्या माहेरी जात नाही, मामांच्या वारसांकडे जातं. मामींच्या बहिणीने किंवा भाचीने त्यांची सेवा केली तरी तिला काही मिळणार नाही. म्हणून रिव्हर्स मॉर्गेज घ्या किंवा नका घेऊ, दोघांनी आपापलं मृत्युपत्र आत्ता करावं. सोसायटीत लावलेलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हेही मामांना सांगा. पुष्कळ शिकलेल्या लोकांचाही तिथे गोंधळ असतो.

नवी_पहाट

मला कळत नाही की सगळे कर्जाच्याच भोवती का फिरताय. घर विकावं आणि लहान, लिफ्टवालं घ्यावं. तिसरा मजला आणि ऑपरेशन झालेला गुडघा! त्या बाई खाली तरी किती वेळा उतरत असतील?

हिशेबनीस

यावर लिहिणारच होतो. एक कोटीला विकलं, वारजे-धायरीकडे ५० लाखांत लिफ्टचं वन बीएचके घेतलं. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के (मामींच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत), नोंदणी ३० हजार, दोन्हीकडची दलाली, सामानाची हलवाहलव. नव्या घरात गुंतवलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, उरलेल्या नफ्यावर लागेल. सगळं वजा करून ४० लाख हातात राहतील असं धरू.

हे ४० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दोघांच्या नावांवर विभागून ठेवले (एकाची मर्यादा ३० लाख), तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी २७,३०० पडतात. व्याज तिमाहीला येतं. मुद्दल शाबूत, घर मोकळं, कर्ज शून्य. बाजूला ठेवा: रिव्हर्स मॉर्गेजचे १३,८००.

नुसता कागद पाहिला तर यात तुलनाच नाही.

शिशिरसांज

हिशेबनीस, तुमचं गणित बरोबर आहे. तरीही मला लिहावंसं वाटतं, कारण या धाग्यावर बहुधा मी एकटाच असा आहे ज्याने हे कर्ज घेतलंय.

मी ७८ चा आहे, पत्नी ७४. नाशिकला स्वतःचं छोटं घर. दोन्ही मुलं चांगली आहेत, एक बंगळुरूला, एक परदेशात. दोघंही पैसे पाठवायला तयार होती, काही वर्षं पाठवलेही. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन पाहत बसायचं, एखाद्या महिन्यात उशीर झाला की आठवण करावी की नको याचा विचार करायचा, सुनेच्या आवाजातून अर्थ काढायचे, हे मला झेपलं नाही. मुलांना समोर बसवून सांगितलं आणि कर्ज घेतलं. धाकट्याला वाईट वाटलं, मोठ्याने समजून घेतलं. आज दोघंही मान्य करतात की आमचे फोन आता फक्त गप्पांचे असतात.

घर विकून लहान घ्या म्हणणं सोपं आहे. ज्या डॉक्टरला आमची अख्खी कहाणी पाठ आहे तो चौकात बसतो. रात्री बारा वाजता हाक मारली तर शेजारी तीन घरांतून माणसं येतात. या वयात नव्या सोसायटीत जाऊन अशी माणसं जोडायला आमच्याकडे वर्षं नाहीत.

तोटाही सांगतो. महागाई वाढते, हप्ता तोच राहतो. पाच वर्षांनी फेरमूल्यांकन झालं तेव्हा वाढ झाली, पण माफक. सुरुवातीला औषधांचं सगळं बिल त्यातून भागायचं, आता भागत नाही. आणि एक अट लोक वाचत नाहीत: घरपट्टी, विमा, दुरुस्ती आपणच करायची. घराचा एखादा भाग भाड्याने दिला तरी करार मोडल्यासारखं होतं. आम्ही मागची खोली विद्यार्थ्याला देणार होतो. करारनामा वाचला म्हणून थांबलो.

तुळसमंजिरी

शिशिरकाका, फार मोकळेपणाने लिहिलंत. धन्यवाद.

घाटमाथा, मला मात्र तुमच्या मामींच्या गप्प बसण्याबद्दल लिहायचंय. माझी सासूही अशीच गप्प होती. घरातले पुरुष आणि बँकेचा माणूस बोलत होते आणि ती चहा आणून ठेवत होती. सगळं ठरत आल्यावर नणंदेने तिला आत नेऊन विचारलं, तेव्हा कळलं की तिला तिच्या बहिणीच्या जवळ, चिंचवडला राहायला जायचंय आणि कित्येक वर्षं ते तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. "मामांना घर सोडवत नाही" हे तुम्हाला माहीत आहे. मामींना काय सोडवत नाही, ते विचारलंय का कोणी?

बहुतेक घरांत बायको वयाने लहान असते आणि मागे तीच राहते. पुढची वीस वर्षं ज्या माणसाला काढायची आहेत, त्याला आधी विचारा.

रानजाई

आमचा अनुभव वेगळ्या कारणासाठी सांगते. आईचा डोंबिवलीत फ्लॅट. आम्ही अर्ज केला, कागद नेले, आणि बँकेने पहिल्याच छाननीत परत पाठवलं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं आणि जमिनीचं कन्व्हेयन्स (सोसायटीच्या नावावर हस्तांतरण) झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. पस्तीस वर्षं लोक तिथे राहतायत, कर भरतायत, पण बँकेच्या लेखी ते तारण नाही. डोंबिवली-कल्याण-ठाण्यात अशा इमारती ढिगाने आहेत.

मग आम्ही भावंडांनी घरातल्या घरातच तसं केलं. भाऊ आणि मी दरमहा आईच्या खात्यात ठरलेली रक्कम भरतो. कोणी किती भरली याची वही आई स्वतः ठेवते. तिच्या मृत्युपत्रात तिने लिहिलंय की फ्लॅट विकल्यावर आधी ज्याची त्याची भरलेली रक्कम साध्या व्याजासह परत, मग उरलेल्याचे समान वाटे. धाकटी बहीण काही भरू शकत नाही, तिचं नुकसान होत नाही. आणि आई म्हणते, "मी कोणाकडे मागत नाही, माझ्याच घराचे पैसे खातेय." तो ताठा तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

कायदाकानू

रानजाई, उत्तम केलंत. एवढंच पाहा की मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि ते साक्षीदार लाभार्थी नाहीत. तुम्ही भरलेल्या रकमांबद्दल आईबरोबर वेगळा लेखी करार असेल तर आणखी चांगलं, कारण मृत्युपत्र कधीही बदलता येतं.

आणि जे वाचतायत त्यांच्यासाठी: मुलं सांभाळतील या भरवशावर घर हयातीत त्यांच्या नावावर करू नका. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत मिळवता येते. पण त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात लेखी असली तर बळ येतं. नुसतं 'प्रेमापोटी दिलं' लिहिलेल्या बक्षीसपत्रावर भांडताना ज्येष्ठांची किती दमछाक होते ते मी पाहते.

पानशेत

धागा उशिरा पाहिला. एक मूलभूत प्रश्न कोणी विचारलाच नाही. घाटमाथा, १९८९ ची इमारत, कोथरूड, लिफ्ट नाही. तुमच्या मामांच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा नाही असं होणार नाही. काय परिस्थिती आहे?

घाटमाथा

आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला, वास्तुविशारद नेमायचं ठरलंय. मामा म्हणतात, "दहा वर्षं ऐकतोय, होईल तेव्हा होईल." ते त्यात धरतच नाहीत.

पानशेत

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, पुनर्विकासातून गेलोय. मामांना हात जोडून सांगा की हे आधी धरा, बाकी सगळं नंतर.

पहिलं कारण. रिव्हर्स मॉर्गेजच्या अटींत असतं की कर्जदार सलग एक वर्ष त्या घरात राहिला नाही तर बँक वसुली सुरू करू शकते. पुनर्विकासात घर दोन-तीन वर्षं रिकामं करावंच लागतं, इमारतच नसते. म्हणजे कर्ज चालू असताना सोसायटीने ठराव केला तर मामांना बँकेची परवानगी लागणार, मूळ कागद बँकेत अडकलेले, आणि बँकेचा कायदा विभाग किती महिने घेईल कोणी सांगू शकत नाही. २०१९ च्या सरकारी निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीने काम पुढे जातं. मामांनी नको म्हटलं तरी ते थांबणार नाही.

दुसरं कारण. आज बँक जुन्या इमारतीची किंमत धरणार. नवी इमारत झाली की तेच घर मोठं, लिफ्टसकट, आणि बँकेच्या दृष्टीने पुढची पन्नास वर्षं आयुष्य असलेलं. तेव्हा कर्ज घेतलं तर हप्ता कितीतरी जास्त बसेल. आत्ता घेणं म्हणजे पिकायच्या आधी आंबा उतरवणं.

आणि मधल्या काळात विकसक भाडं देतो. मामा-मामींनी त्याच कॉलनीत लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहावं, डॉक्टर-शेजार तोच. कॉर्पस म्हणून सभासदाला काही रक्कम मिळते, ती वेगळी.

नवी_पहाट

आणि विकसक मधेच पळाला तर? भाडं थांबलं तर? ७२ वर्षांच्या माणसाला हा जुगार सांगताय तुम्ही.

पानशेत

भीती खरी आहे. आमच्या ओळखीत असं झालेलं आहे, म्हणून हलक्यात घेत नाही. पण त्यावर उपाय आधी करता येतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विकसकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची तरतूद आहे, ती सोडू नका. पुष्कळ सोसायट्या 'विकसक चांगला आहे' म्हणून कमी करतात, तिथेच घोळ होतो. प्रत्येक सभासदाबरोबर पर्यायी जागेचा वैयक्तिक करार नोंदवून घ्या. भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश घर रिकामं करायच्या आधी घ्या. प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासा. आणि मामांसारखे लोक सभेला जात नाहीत, हेच चुकतं. ज्यांचं सगळं त्या घरात आहे त्यांनी पहिल्या रांगेत बसायला हवं.

हिशेबनीस

पानशेत यांचा मुद्दा माझ्या सगळ्या आकड्यांच्या वरचा आहे. मान्य.

मग प्रश्न उरतो मधल्या काळाचा. एफडी आहेत त्या किती व्याजावर आहेत ते पाहा. विखुरलेल्या, कमी दराच्या एफडी असतील तर त्या पूर्ण होतील तशा ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि डाकघर मासिक प्राप्ती योजनेत (संयुक्त खात्याला १५ लाखांपर्यंत, ७.४ टक्के) हलवा. दोन-तीन हजारांचा फरक महिन्याला पडू शकतो. आणि मामा ७० च्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचं संरक्षण आहे. मामी अजून त्यात बसत नाहीत, पण मामांच्या हृदयाचा पुढचा खर्च एफडीतून जायला नको.

घाटमाथा

अपडेट देतो. सगळ्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

रविवारी गेलो. तुळसमंजिरींचं वाचून आईला बरोबर घेतलं आणि ती मामींशी एकटीच बोलली. मामींना घर सोडायचं नाहीये, पण त्यांना खाली उतरायचंय. गेल्या पावसाळ्यापासून त्या फक्त दवाखान्यासाठी उतरल्यात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मृत्युंजयेश्वराला रोज जाणारी बाई. मामांना हे ऐकून बोलता येईना.

हिशेबनीसांचा तक्ता मामांपुढे ठेवला. "६० लाख म्हणजे व्याजासकट" हे त्यांना दोनदा समजवावं लागलं, मग मात्र त्यांनी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन मामी ७७ च्या होतील तिथे गोल केला. कर्जाचा विषय इमारतीचा निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवलाय. आधी मृत्युपत्रं, मामांचं ७० वरचं कार्ड आणि एफडींची फेरमांडणी. मामा सोसायटीच्या विशेष सभेला जाणार आहेत, मीही बरोबर जाईन. पानशेत, तुमचे बँक गॅरंटी आणि धनादेशांचे मुद्दे छापून घेतलेत.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोसायटीचं काही हललं नाही, तर त्याच कॉलनीत लिफ्टचं वन बीएचके भाड्याने घेऊन हे घर भाड्याने द्यावं असं आईने सुचवलंय. मामा नाही म्हणाले नाहीत.

कायदाकानू, एक विचारायचंय. मामा म्हणतात, आत्ताच अर्धं घर मामींच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकू का?

कायदाकानू

महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. वर स्थानिक अधिभार किती ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. पण थांबा. पुढे रिव्हर्स मॉर्गेज घ्यायची शक्यता असेल तर घर 'स्वकष्टार्जित' असण्याच्या अटीत बक्षीस मिळालेला अर्धा हिस्सा बसतो का, हे बँकेकडून आधी लेखी घ्या. मामींच्या संरक्षणासाठी मृत्युपत्र आणि पुढे कर्जात सहकर्जदार म्हणून नाव, एवढं पुरेसं आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. आणि मामांच्या डॉक्टरकडून त्याच दिवशीचं 'मनाने सक्षम' असल्याचं प्रमाणपत्र जोडा, बायपासनंतरच्या औषधांवरून उद्या कोणी शंका काढायला नको.

कृष्णाकाठ

सगळा धागा वाचून काढला. माझ्या आईचं वाईला जुनं घर आहे, आजोबांपासूनचं. आम्ही चार भावंडं, वाटणी झालेली नाही. आईला यातलं काही मिळू शकेल का? तिला महिना दहा हजार लागतात फक्त.

हिशेबनीस

वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेलं घर या योजनेत बसत नाही. आधी नोंदणीकृत वाटणीपत्र करून हिस्सा आईच्या नावावर केला तरी ते स्वकष्टार्जित धरतील का याची शंकाच आहे, आणि त्यात तिची दोन-तीन वर्षं जातील. दहा हजार चौघांत अडीच-अडीच हजार होतात. वर रानजाईंनी लिहिलेली वहीची पद्धत पाहा. येत्या महिन्यापासून सुरू करता येईल.

रानजाई

कृष्णाकाठ, आमच्या वहीचे रकाने आणि आईच्या मृत्युपत्रातला तो परिच्छेद, नावं काढून, संध्याकाळी इथेच टाकते. भावंडांना दाखवायला बरं पडेल.